अकरा दिवसांचं तापमान

गेल्या शनिवारी मी मुलुंडहून चेंबूरला रिक्षाने निघाले तेव्हा मांडीवर एक जाड वही होती. निळ्या कापडाची बांधणी, झिजलेले कोपरे. तिला अजूनही आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाचा वास येत होता. गंधक, दमट लाकूड आणि विझलेला स्पिरिटचा दिवा. मी ती पिशवीत घातली, पिशवी पर्समध्ये कोंबली आणि पर्सची चेन लावून टाकली. तरी वास येतच राहिला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

वही सोनवणे बाईंची. बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या आणि पुढे आमच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेल्या. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन. त्यांच्या गावात विज्ञानाची पदवी घेतलेली ती पहिली मुलगी, आणि त्यांच्या समाजात तर आसपासच्या दहा गावांत पहिली. हे त्यांनी आम्हाला कधी मोठेपणाने सांगितलं नाही. एकदाच, काचेच्या नळ्या धुताना, सहज म्हणाल्या होत्या, "कॉलेजात प्रयोगाला सगळ्यांच्या जोड्या होत्या. माझ्याबरोबर जोडी करायला कोणी तयार नव्हतं. बरंच झालं. नोंदी उसन्या घ्यायची सोयच राहिली नाही." आम्ही तेरा वर्षांची पोरं फिदीफिदी हसलो होतो. त्यात काय होतं ते कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

शाळेत रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत, सत्तावीस वर्षं, बाईंनी गच्चीवरच्या तापमानाची रोज नोंद ठेवली. दर जानेवारीला नवी वही, आणि दर वर्षी एक मॉनिटर. पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात मॉनिटरचं नाव. या वहीवर माझं आहे.

आता शाळेचे मराठी वर्ग आटत आटत दोनावर आलेत आणि इमारत पाडायची आहे. प्रज्ञा नावाची तरुण शिक्षिका कपाटं आवरत होती, तिला या वह्या सापडल्या. तिचा फोन आला. "ताई, तुम्ही बाईंच्या मॉनिटर होतात ना? एका कॉलेजची मुलगी या सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवणारे. मुलुंड किती तापलं ते तिला शोधायचंय. सोमवारी घेऊन जाईल. बाईंना त्याआधी एक तरी वही हातात घेऊन बघायचीय. तुम्ही तुमच्या वर्षाची घेऊन जाता? त्यांना किती बरं वाटेल."

हो म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावर आठवलं की त्या वहीतले मे महिन्यातले अकरा दिवस खोटे आहेत. खरं तर आठवलं असंही म्हणता येत नाही, कारण मी ते कधी विसरलेच नव्हते. आता सोमवारी ते अकरा आकडे कुणाच्या तरी अभ्यासात जाऊन बसणार होते, आणि त्याआधी बाईंना सांगायचं की नाही एवढंच ठरवायचं होतं. बाई शहाऐंशी वर्षांच्या. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्यावी, असं मन भांडुपपर्यंत म्हणत होतं. कांजूरला त्याने पलटी खाल्ली.

ती गच्ची माझी होती. सकाळी सव्वासातला, शाळेची घंटा व्हायच्या आत, गळ्यातली चावी काढून मी लोखंडी दार उघडायचे. दार कुरकुरायचं आणि वरून कबुतरं उडायची. पूर्वेला मिठागरं, त्यांत पांढरे ढीग. पश्चिमेला डोंगर, थंडीत निळे आणि मार्चनंतर तपकिरी. मोठ्या रस्त्याच्या अंगाला औषधांचा कारखाना होता, त्याचा कडूगोड वास वारा असेल तसा यायचा किंवा नाही यायचा. खालच्या वस्तीतल्या विहारात वंदना चालू असायची. पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजायचा. आणि मधोमध, चार पायांवर उभी, झडपांची पांढरी पेटी. दर दिवाळीच्या सुट्टीत बाई तिला स्वतः रंग द्यायच्या, साडीचा पदर खोचून.

पेटीत इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी. तिच्यात पारा, आणि पाऱ्यावर दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक काडी. पारा काडीला ढकलत न्यायचा आणि तिथे सोडून मागे यायचा. एक काडी सांगायची काल सगळ्यात जास्त किती तापलं, दुसरी सांगायची रात्री किती उतरलं. डोळा काडीच्या पातळीत आणायचा, श्वास धरायचा, वाचायचं, लिहायचं. मग नालेच्या आकाराचं चुंबक लावून काड्या पुन्हा पाऱ्यावर आणून ठेवायच्या. काडी टेकताना टिक असा अगदी बारीक आवाज व्हायचा. झडपेच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं घर होतं, त्याही माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या, निदान मी तसं समजत होते.

मग खाली येऊन फाटकाशेजारच्या फळ्यावर दोन आकडे लिहायचे. मुलांना सोडायला आलेल्या बाया थांबायच्या. भाजीवाली मावशी टोपली खाली ठेवून विचारायची, "किती गं आज?" मी सांगायचे. "दीडने जास्त? तरीच मेली कोथिंबीर सुकली." आकडा मी लिहिलेला आणि त्यावर अख्खी गल्ली बोलायची. मी तेव्हा ज्या ऐटीत चालायचे ती आठवली की आजही लाज वाटते आणि आजही आवडते.

मॉनिटर मी कशी झाले ते सांगायला हवं. बाईंनी एका डब्यात गरम पाणी आणलं, त्यात तापमापक बुडवला आणि एकेकाला बोलावून विचारलं, किती? पुस्तकातल्या प्रयोगात साठ होतं. सगळी पोरं साठ म्हणाली. मी म्हटलं, "अठ्ठावन्न आणि थोडं." "थोडं म्हणजे?" "अर्ध्यापेक्षा कमी." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वर्गाला म्हणाल्या, "हिला दिसलं ते ही सांगते." गळ्यात चावी घातली. काळा गोफ होता चावीला. घरी आई म्हणाली, "ह्या काय नवीन मंगळसूत्र?" आणि बाबा, जे गिरणी बंद पडल्यापासून फारसे बोलत नसत, त्या दिवशी मोठ्याने हसले.

सुट्टीतही नोंद चुकवायची नाही हा बाईंचा नियम. "गावी जायचं झालं तर जा," त्या म्हणायच्या, "पण चावी मागे ठेव." त्या मे महिन्यात बाईंचे वडील फार आजारी होते, म्हणून बाई स्वतःच गावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू आहेस ना? नसलीस तर मंदाला दे." मी म्हटलं, मी आहे बाई, आम्ही या वर्षी जात नाही. तेव्हा ते खरंच होतं. मग चार दिवसांनी बाबांना देवगडच्या एस.टी.ची तिकिटं मिळाली.

मंदा माझ्याच वर्गात होती, तिचं घर आमच्यापासून दोन चाळी सोडून होतं. मी तिथपर्यंत गेले. दाराबाहेर उभी राहिले. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता. मंदा हुशार होती, तिचं अक्षर सुंदर होतं, आणि ती नऊ-दहा दिवस गच्चीवर गेली तर परत चावी मला मिळेल कशावरून, असं माझ्या मनात आलं. मी तशीच परत फिरले. गाडीत बसताना शेवटचं एकदा आईला म्हटलं, "आई, शाळेतली नोंद ऱ्हवली." आई म्हणाली, "अगो, ती पेटी कोण चोरून नेतलो? गप चल."

देवगडला अकरा दिवस. आठळ्यांची भाजी, फणसाच्या चिकाने काळे झालेले हात, कुळाथाची पिठी, खळ्यात वाळत घातलेली आमसुलं आणि त्यांच्यावर बसलेल्या माश्या. मी आंबे खाल्ले, समुद्रात गेले आणि रोज सकाळी सव्वासातला जागी झाले. चावी फ्रॉकच्या आत छातीला टोचायची. काढून ठेवली नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून मी ते अकरा दिवस लिहिले. मागच्या वर्षाची वही शेजारी उघडी ठेवली होती. त्या तारखेचा आकडा घ्यायचा, अर्धा वाढवायचा किंवा पाव कमी करायचा. एकाच शाईत नको म्हणून तीन पेनं आणली होती. सगळे दिवस सारखेच तापलेले दिसायला लागले तेव्हा एका दिवसाचं कमाल दोनने उतरवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, आकाश ढगाळ. मुलुंडवर ढग आणले मी. वय वर्षं चौदा.

बाई जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आल्या. डोळे खोल गेलेले. वडील गेले होते. आल्या आल्या कार्यालयात न जाता प्रयोगशाळेत आल्या आणि वही मागितली. मे महिना उघडला, सगळी पानं हाताने चापून बघितली, एकही रकाना रिकामा नाही असं बघून त्या म्हणाल्या, "चला. निदान हे तरी चुकलं नाही." आणि स्टुलावर बसून राहिल्या. मी त्यांच्यासमोर उभी होते. सांगायचं होतं तर तेव्हाच. पण त्या स्टुलावर बसलेल्या बाईंना ते कोण सांगू शकलं असतं?

पुढे मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. रक्ताचे नमुने, साखर, हिमोग्लोबिन. न बघितलेला आकडा कधी लिहिला नाही, संशय आला तर पुन्हा तपासलं. बरोबरच्या मुली चिडवायच्या, "सोड ना यार, किती चिकटपणा करशील." त्यांना वाटायचं स्वभाव आहे.

घाटकोपरला मी रिक्षा थांबवायला लावली. उसाचा रस प्यायले, तहान नसताना. परत येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, मागे वळवा, मुलुंड. त्याने वळवली. पुढच्या वळणावर म्हटलं, नको, चेंबूरच. तो मागे वळून म्हणाला, "मॅडम, जायचंय कुठे ते एकदा फायनल करा ना." बरोबर होतं त्याचं. मला स्वतःचाच राग येत होता. अकरा आकडे. एवढ्या हजारांत अकरा आकड्यांनी कुणाचं काय बिघडणार होतं? पण हा प्रश्न बाईंना विचारायची माझी छाती नव्हती, आणि तेच उत्तर होतं.

बाई चेंबूरला भाचीकडे राहतात. दुसरा मजला, दारात तुळस नाही पण कढीपत्त्याचं झाड. भाची, संगीता, मला आत बसवून चहा टाकायला गेली. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. आटून अर्ध्या झालेल्या, पण पाठ ताठ. हातात भिंग.

"आण इकडे," वही दिसताच म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी नंतर बघितलं.

वही मांडीवर घेऊन त्यांनी आधी वास घेतला. मग पानं. भिंग आकड्यांवरून सरकत होतं. "अक्षर बरं होतं तुझं. तिनाचं पोट जरा मोठं काढायचीस." त्या खूश होत्या. इतकं खूश मी त्यांना शाळेत कधी बघितलं नव्हतं. "ती कॉलेजची पोर येऊन गेली. मला म्हणते, मॅडम, एवढी सलग नोंद मी बघितलीच नाही. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं. एक खाडा नाही, एक आकडा उसना नाही."

"बाई," मी म्हटलं, "त्या मे महिन्यात अकरा दिवस मी गावी होते."

भिंग थांबलं. "चावी?"

"माझ्याकडेच."

"म्हणजे वर कोणी गेलं नाही."

"नाही."

"मग हे आकडे?"

"मागच्या वर्षाची वही बघून. थोडे बदलून."

आत चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाईंनी मे महिना काढला. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि शेऱ्याच्या रकान्याशी थबकलं. "हे ढगाळ?"

"तेही."

"मी वडिलांना पोचवून आले होते."

"माहीत आहे बाई. म्हणूनच तेव्हा सांगवलं नाही."

"ते नंतरचं. आधी काय झालं?"

"चावी सोडवेना. मंदाला दिली असती तर ती मला परत मिळाली नसती, असं वाटलं."

हे बोलताना मला रडू आलं. पन्नाशी उलटलेली बाई, केस पिकलेले, आणि चावीसाठी रडते आहे. मला वाटलं त्या ओरडतील, निदान वही बाजूला ठेवतील. मी तयारीने आले होते, अकरा दिवसांची कबुली, त्यावर जे काय बोलतील ते ऐकायचं आणि हलकं होऊन घरी जायचं. संगीता चहा ठेवून आत गेली.

बाई म्हणाल्या, "पुढे?"

"पुढे काय बाई?"

"एकदा जमलं. कुणाला कळलं नाही. त्यानंतर पुन्हा कधी?"

शाळेत त्या असाच प्रश्न विचारायच्या, पाठ फळ्याकडे असताना, आणि ज्याने गृहपाठ केलेला नसेल त्याचंच नाव घ्यायच्या. आणि पुढे खरंच होतं. ते मी प्रज्ञाला सांगितलं नव्हतं, रिक्षात स्वतःलाही सांगितलं नव्हतं. जुलैमध्ये जिन्यावर शेवाळ यायचं आणि मी घसरायला घाबरायचे. पोट दुखायचं तेव्हा ते चार जिने नको वाटायचे. नोव्हेंबरात गोधडीतून उशिरा उठले की फाटकाशी उभं राहून, वर नुसतं बघून, कालच्यापेक्षा थोडं कमी असेल म्हणून मी सरळ फळ्यावर लिहायचे.

"दोन-तीनदा," मी म्हटलं.

"की आठ-दहादा?"

"आठवत नाही."

"कोणते दिवस ते सांग."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. मी पानं उलटली. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. सगळं एकाच अक्षरात, सगळे आकडे नीट टिंब देऊन लिहिलेले. कुठल्या सकाळी मी खरंच वर गेले होते आणि कुठल्या सकाळी खालीच थांबले होते, कागदावर काही फरक नव्हता. आणि मनातही नव्हता. मिठागरं, गांधीलमाश्या, काडी टेकल्याचा टिक असा आवाज. हे सगळं मी तीनशे सकाळी ऐकलं, की दोनशे सकाळी ऐकलं आणि बाकीच्या मागाहून तशाच भरून काढल्या, मला सांगता येईना.

"मग वर्षच गेलं," बाई म्हणाल्या.

"बाई, बाकीचे दिवस खरे आहेत. मी वर जायचे. शपथ."

"असतील. पण ते कोणते हे तुला सांगता येत नाही आणि मला ओळखता येत नाही. मग ते धरायचे कसे?" आवाज चढवला नव्हता त्यांनी. "प्रज्ञाला फोन लाव."

मी लावला. सांगितलं की ही वही सोमवारी येणार नाही, हिच्याशिवायच बाकीच्या दे. प्रज्ञा गोंधळली. "पण ताई, मधलंच वर्ष कसं काढायचं? त्या मुलीला काय सांगू? पावसात भिजली म्हणू? की हरवली म्हणून टाकू?"

चांगली मुलगी आहे ती. न मागता दोन कारणं पुढे केली. बाई माझ्याकडे बघत होत्या. ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, पण बघत होत्या.

"हरवली नाही," मी म्हटलं. "ती खोटी आहे. मीच लिहिली आहे. माझ्या नावानिशी सांग तिला, काही लपवू नकोस."

प्रज्ञा "बरं ताई" म्हणाली, आणि मी फोन ठेवला.

बाईंनी वही मिटली. मी हात पुढे केला, पण त्यांनी ती दिली नाही. तशीच मांडीवर धरून ठेवली, दोन्ही तळवे वर टेकवून. चहावर साय धरली होती. मला वाटलं होतं सांगून टाकल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी त्यांच्याकडून काय नेलं ते आत्ता, त्या खुर्चीसमोर बसून, मला पहिल्यांदा पुरतं कळत होतं.

"सगळ्यांना सत्तावीस सांगत आले मी," त्या म्हणाल्या. "जिभेला सवय झालीय."

मग खिडकीकडे तोंड करून, लहान मुलं पाढा पाठ करतात तसं, त्या हळूच म्हणाल्या, "सव्वीस." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "सव्वीस. सलग नाही."